वादग्रस्त सिक्वेल विकत घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे?

एखाद्या गेमच्या दुसऱ्या भागावरून खेळाडूंमध्ये दोन तट पडले, की सरासरी गुणांवर विसंबू नये. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जून २०२० रोजी आला, तेव्हा कथा पूर्ण होण्याइतका वेळ जाण्याआधीच समीक्षक आणि वापरकर्त्यांचे गुण एकत्र मांडणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शून्य गुणांची रीघ लागली. पुढे त्या संकेतस्थळाने वापरकर्त्यांनी गुण देण्यापूर्वी गेम आल्यापासून ३६ तास थांबण्याचा नियम केला. म्हणून गेम संपवलेल्यांचेच परीक्षण वाचावे आणि तक्रार कथेबद्दल आहे की खेळण्याच्या पद्धतीबद्दल, हे पाहावे. कारण तांत्रिक दोष अपडेटने दूर होऊ शकतात, पण पहिल्या भागातील पात्रांवर तुमचा जीव जडला असेल, तर कथेतील न पटणारे वळण शेवटपर्यंत सलत राहते.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात, मात्र दीर्घ कथेचा अंदाज तेवढ्यात येत नाही. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर खेळणाऱ्या कोल्हापूरकराने राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या मित्राची डिस्क आधी आणून काही तास खेळावे, हेच मला सर्वांत खात्रीचे वाटते. तसा मित्र नसेल, तर डिजिटल प्रतीऐवजी डिस्कच घ्यावी, कारण ती पुढे विकता येते.