आगोटीला ‘वन पीस’ भरताना

मे संपत आला की मालवणात आमच्या घरी सुकी मासळी, कुळीथ, सोलं, मीठ भरून ठेवतात. चार वर्षांपूर्वी भाच्यानं त्या सामानात ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेचे, म्हणजे मंगाचे, पहिले तीन इंग्रजी खंड ठेवले. मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जून-जुलैत मासेमारी बंद, मग बर्फाला गिऱ्हाईक नाही आणि मला काम नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात वाचतोय. शंभराच्या वर खंड बघून ज्यांची छाती दडपते, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. चौकटी तशाच, चौकटीतले फुगेही तसेच. पहिल्या रात्री मी दहा पानं उलटी वाचली. माणूस आधी पडायचा, मग त्याला ठोसा बसायचा. अर्ध्या तासात डोळा सरावतो. छापील इंग्रजीत तलवारवाल्याचं नाव ‘झोलो’ आहे, बाकी जग त्याला ‘झोरो’ म्हणतं. माणूस एकच, गोंधळू नका.

तीन खंड एकत्र बांधलेली जाड आवृत्ती मिळते, ती परवडते. फक्त जुलैत मागवू नका. माझं एक पार्सल पागोळीखाली टाकून गेले, पुस्तक भाकरीसारखं फुगलं. आधी चव बघायची असेल तर ‘मंगा प्लस’ या ॲपवर पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात. नवीन प्रकरण आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला येतं. दर रविवारी मात्र नाही, लिहिणारे-काढणारे एइचिरो ओडा मधेमधे सुट्टी घेतात. २२ जुलै १९९७ पासून हा माणूस एकच गोष्ट सांगतोय, घेऊ दे सुट्टी.

खंड मोजून वाचू नका, बेटं मोजून वाचा. लुफी नावाचा रबरासारखा ताणला जाणारा पोरगा, त्याची चाच्यांची टोळी, एक जहाज. एका बेटाला लागायचं, तिथल्या दांडग्याला लोळवायचं, जेवायचं, निघायचं. एक बेट संपलं की पुस्तक मिटून दोन दिवस जाऊ द्या. सलग वाचलं तर सगळे दांडगे एकसारखे वाटायला लागतात, आणि खरं सांगायचं तर थोडे आहेतच.

निर्णय ८१व्या प्रकरणापर्यंत राखून ठेवा. नामी नावाची मुलगी वर्षानुवर्षं गाव सोडवण्यासाठी पैसे साठवते आणि फसवली जाते. ती रस्त्यात बसून स्वतःच्याच दंडावर सुरी मारत असते. लुफी हात धरतो. काही विचारत नाही. ती ‘मदत कर’ म्हणते तेव्हा तो आपली गवताची टोपी, जिला कुणाला हात लावू देत नाही ती, तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. इथे काहीच हललं नाही तर पुढचे खंड घेऊ नका, ही मालिका तुमच्यासाठी नाही.

आता खोडी. बायकांच्या कंबरा मुंगळ्यासारख्या, आणि पुढे पुढे हे वाढतच जातं. पुतणीनं एकदा विचारलं, ‘काका, हिची आतडी कुठं बसतात?’ मला उत्तर देता आलं नाही. सांजी हा स्वयंपाकी बायका दिसल्या की जो पाघळतो, तो विनोद दहाव्यांदा विनोद राहत नाही. मी ती पानं सरळ उलटतो. ड्रेसरोझा नावाचं बेट १०२ प्रकरणं चालतं, पुढचं वानो त्याहून लांब, आणि चौकटीत गणपतीच्या बाजारासारखी गर्दी. ही दोन्ही मोबाईलवर वाचू नका, डोळे जातील. एका वहीत नावं लिहून ठेवा. मी बर्फाच्या जुन्या चलानांच्या पाठीवर लिहितो.

पण प्रकरणाच्या पहिल्या पानावरची चित्रं सोडू नका. तिथे हरलेल्या लोकांची पुढची गोष्ट वेगळीच चालू असते. बेट सुटलं तरी ओडांच्या हातून माणूस सुटत नाही. गर्दी होते ती यामुळेच.

आणि माणसं मरतही नाहीत. अलाबास्टा नावाच्या राज्यात पेल हा तिथला रक्षक बॉम्ब घेऊन आकाशात उडतो, स्फोट होतो, मी गहिवरलो, आणि थोड्या पानांनी हा जिवंत! पुढे याला मोठे अपवाद आहेत, ते तुमचे तुम्हीच गाठा. पण चिडून पुस्तक ठेवू नका, कारण माणसांना न मारणारा हा लेखक जहाजाला मारतो. (आधी कळलेलं चालत नसेल त्यांनी इथेच थांबावं.)

टोळीच्या जहाजाला, ‘गोइंग मेरी’ला, मेंढराचं तोंड आहे. टोळीत सुतार नाही, म्हणून त्यांच्यातलाच उसॉप जमेल तशी ठिगळं मारत असतो. वॉटर सेव्हन या जहाजं बांधणाऱ्यांच्या बेटावर खरे सुतार तपासतात आणि सांगतात, कणा गेलाय, दुरुस्ती नाही. माझे वडील जन्मभर होड्यांचं काम करत आले. इंग्रजी येत नाही. पडवीत माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, ‘होडयेक बकऱ्याचा तोंड?’ मी हसत गोष्ट सांगितली. कणा म्हटल्यावर ते हसायचे थांबले. ‘कणो मोडलो मा? मगे संपला. जाळूक व्हयी तिका.’

मी पुढचं वाचलेलं नव्हतं. ४३०व्या प्रकरणात ते तिला भर समुद्रात स्वतःच्या हातानं जाळतात. आणि ती त्यांची माफी मागते, अजून थोडं लांब न्यायचं होतं म्हणून. ते पान मी वडिलांना वाचून दाखवलं, मोडक्यातोडक्या मालवणीत. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले.

पहिल्या पावसाळ्यात एवढंच पुरे. इथे थांबा, बाकी पुढच्या आगोटीला.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडिलांनीच विषय काढला. नवी बांधली काय? बांधली, म्हटलं. लाकूड खयचा? ॲडम नावाच्या झाडाचं, जगात मोजकीच आहेत म्हणतात. त्यांनी बराच वेळ विचार केला.

‘सागापेक्षा बरा?’