पोर्टेबल डिस्क लावली की पीसी रीस्टार्ट : माझा अनुभव

दोन आठवडे डोक्याला ताप. पुढच्या यूएसबी पोर्टला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, की ती 'टिक्-टिक्' करायची आणि पीसी धाडकन रीस्टार्ट. निळी स्क्रीनही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) फक्त 'कर्नल-पॉवर ४१', म्हणजे मशीन नीट बंद झालं नाही एवढंच. ते मलाही दिसत होतं!

आधी अर्थातच नको ते सगळं केलं. ड्रायव्हर, अँटीव्हायरस, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकली. रविवार गेला.

मग भावाच्या लॅपटॉपला तीच डिस्क लावली, तर मुकाट चालली. म्हणजे डिस्क ठीक, तेव्हा संशय एसएमपीएसवर (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला. डिस्क फिरायला लागताना क्षणभर जास्त करंट ओढते, यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर, ३.० ची ९००. कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स पिनवर (आतल्या भागांना वीज देणारा चार वायरींचा कनेक्टर), लाल आणि काळ्या वायरमध्ये, मल्टिमीटर धरला (हे सवय असेल तरच करा). आधी ४.८२ व्होल्ट, डिस्क लावताच ४.६ आणि फट्! ही ५ व्होल्टची लाइन ४.७५ च्या खाली जाता कामा नये.

एसएमपीएस नऊ वर्षांचा. तो उघडायच्या फंदात पडलो नाही, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून असतात. सरळ नवा ४५० वॅटचा बसवला. आता डिस्क मागच्या पोर्टला, आणि प्रिंटर-वेबकॅम वेगळ्या अडॅप्टरच्या हबवर. महिना झाला, एकदाही बंद पडला नाही. विंडोज उगाच टाकली.