सिग्सीला पेपर पाठवताना नाव कुठे कुठे उरते

सिग्सी टेक्निकल सिम्पोझियमसारख्या संगणक-शिक्षण परिषदांत पेपरची तपासणी निनावी होते. लेखकाला परीक्षक माहीत नसतो, परीक्षकाला लेखक. या परिषदा भरवणाऱ्या एसीएम या संगणक-संस्थेच्या लाटेक्स (मजकूर-मांडणीची प्रणाली) साच्यात ‘अ‍ॅनॉनिमस’ पर्याय लावला की शीर्षकाखालची नावे जातात. आभार ठरलेल्या ‘अ‍ॅक्स’ भागात लिहिले असतील तर तेही जातात, साध्या परिच्छेदात लिहिले तर छापले जातात.

मजकुरातली ओळख मात्र हातानेच काढावी लागते. ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असे लिहून स्वतःचा संदर्भ दिला की गुपित फुटलेच. तो संदर्भ गाळू नका, तृतीयपुरुषी करा: ‘अमुक यांनी दाखवले’. कोर्सचा क्रमांक, स्क्रीनशॉटमधला विद्यापीठाचा लोगो, नैतिकता समितीच्या मंजुरीतले संस्थेचे नाव, गिटहबच्या दुव्यातले खातेनाव, हे सगळे शोधा. शेवटी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथर’ रकाना बघा. वर्डमधून काढलेल्या फाइलीत तिथे बहुतेकदा नाव सापडते.

ट्रॅक, म्हणजे पेपर कोणत्या गटात पाठवायचा, तोही नीट निवडा. ‘संशोधन’, ‘अनुभव-अहवाल व साधने’ आणि ‘भूमिका व अभ्यासक्रम’ यांचे निकष वेगळे आहेत. एका वर्गात एकदा राबवलेला चांगला उपक्रम ‘संशोधन’ म्हणून पाठवला, तर संशोधन-प्रश्न आणि पद्धत कुठे आहे, असे विचारले जाणारच. तो अनुभव-अहवालातच शोभतो.

सारांशाची मुदत पूर्ण पेपरच्या आधी येते आणि ती चुकली तर पेपर घेतच नाहीत. मुदतीपुढे ‘एओई’ (‘एनिव्हेअर ऑन अर्थ’, पृथ्वीवर कुठेही तो दिवस संपेपर्यंत) असेल तर रात्री ११:५९ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार दुसऱ्या दिवशीचे सकाळी ११:५९.