विदर्भाच्या उन्हाळ्यात कमी विजेत घर थंड कसे ठेवावे

नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा सहज 44 अंशांवर जातो. मात्र दुपारची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता अनेकदा 15-20 टक्क्यांपर्यंत उतरते. वीज वाचवायची असेल तर या कोरडेपणाचाच उपयोग करून घ्यावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते, आणि त्यासाठी कूलरला फक्त एक पंखा व छोटा पंप चालवावा लागतो. घरगुती कूलर साधारण 150 ते 250 वॅट वीज घेतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना 1,500 वॅटच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100 आणि 300 युनिटांना बदलत असल्याने हा फरक बिलात अधिकच ठळक दिसतो.

कूलर नेहमी खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत बसवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि तासाभरात अंग चिकचिकू लागते. एसीच्या सवयीने अनेक जण कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करतात. माझ्या मते कूलर ‘काम करत नाही’ या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवीच. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडावी आणि तिथला पातळ पडदा पाहावा: तो बाहेरच्या दिशेने ओढला जात असेल तर हवा नीट वाहते आहे, तो हलत नसेल तर खिडकी आणखी उघडावी. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले गवताचे थर, चांगल्या भिजलेल्या असतील, तर बाहेर 44 अंश असताना कूलरमधून येणारी हवा 28 ते 30 अंशांपर्यंत उतरू शकते.

ताट्या दर हंगामाला बदलाव्यात. वाळ्याच्या असोत की साध्या गवताच्या, बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यांवर साचले की हवा अडते आणि थंडावा कमी होतो. वरच्या पन्हळीची भोके तारेने मोकळी करावीत, कारण एखादा पट्टा कोरडा राहिला तर तेवढ्या भागातून गरम हवा जशीच्या तशी आत येते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. त्यामुळे क्षार निघतात आणि डेंग्यूच्या डासांची पैदासही होत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लगच वापरावा आणि पाणी भरताना बटण बंद करण्यावर न थांबता प्लग काढून ठेवावा. यात हयगय नको, शॉक लागून माणसे दगावतात.

मुळात घर कमी तापले तर कूलरवरचा भारही हलका होतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी जाळी किंवा बांबूची चटई लावणे अधिक उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडदा परत पाठवू शकत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. गच्चीवर रोज पाणी मारण्याची पद्धत मात्र टंचाईच्या दिवसांत परवडणारी नाही. तेच पाणी कूलरमध्ये घातलेले बरे.

जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा साधारण 30 वॅट. दिवसभर चालणारा पंखाच आधी बदलावा.

मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. मुंबई-कोकणात तो उन्हाळाभर फारसा चालत नाही तो याच कारणाने. एसी लावायचा तो अशा वेळी, दारे-खिडक्या बंद करून, 26 अंशांवर आणि जोडीला पंखा मंद ठेवून. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. त्याच खोलीत एसीबरोबर कूलर मात्र कधीही चालवू नये, कारण कूलरने हवेत सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची वीज खर्च होते.