कॉन्टेक्स्ट-फ्री भाषांचं क्लोजर: या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी इंजिनिअरिंगची चार-पाच मुलं थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकायला येतात. कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा म्हणजे जिच्या स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) एकेका चिन्हाच्या जागी काय लिहायचं हे सांगणाऱ्या नियमांनी, म्हणजे व्याकरणाने, तयार होतात. अशा भाषांवर एखादी क्रिया केली की पुन्हा तशीच भाषा मिळते का, हे म्हणजे क्लोजर. त्याचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ: युनियन हो, जोडणी हो, स्टार (कितीही वेळा जोडणी) हो, इंटरसेक्शन (दोन्हींतला समान भाग) नाही, कॉम्प्लिमेंट (भाषेत नसलेल्या सगळ्या स्ट्रिंग) नाही. तरी मार्क जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चुका त्याच त्याच असतात.

पहिली चूक युनियनची, म्हणजे सगळ्यात सोप्या जागची. एक व्याकरण: स → अ स ब | रिकामी (म्हणजे स च्या जागी अ स ब लिहा किंवा काहीच लिहू नका). दुसरं: स → ब स अ | रिकामी. परवा एकीने दोन्ही एकाखाली एक लिहिली. "झालं ना सर युनियन?" म्हटलं, "यातून अबअब निघतं का, बघ बरं." तिने वहीत काढलं: स, मग अ स ब, मग आतल्या स ला दुसऱ्या व्याकरणाचा नियम लावून अ ब स अ ब, आणि शेवटी अबअब. ही स्ट्रिंग दोन्हींपैकी एकाही भाषेत नाही! तिची पेन्सिल तिथेच थांबली. दोन्हीकडे स हेच नाव, म्हणून नियमांची सरमिसळ झाली. आधी नावं स१ आणि स२ करा, मगच स → स१ | स२ लिहा. स्टारलाही तेच. पहिल्या व्याकरणात नुसतं स → स स घातलंत तर अअबअबब निघतं, आणि ते स्टारमध्ये बसत नाही. नवं चिन्ह घ्या: त → स त | रिकामी.

दुसरी चूक इंटरसेक्शनची: "दोन पुशडाउन ऑटोमेटा एकदम चालवू." पुशडाउन ऑटोमेटन म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा ओळखणारं, स्टॅकची स्मृती असलेलं यंत्र. रेग्युलर भाषांना (ज्यांच्या यंत्राला स्टॅक लागत नाही, नुसत्या स्थिती पुरतात) हे चालतं, तिथे स्थितींच्या जोड्या लावल्या की झालं. इथे मात्र स्टॅक एकच, मडक्यांच्या उतरंडीसारखा. हात पोचतो तो वरच्या मडक्यापर्यंत. एका भाषेत अ आणि ब सारखे, पुढे क कितीही. दुसरीत आधी अ कितीही, मग ब आणि क सारखे. समान भागात तिन्ही सारखे हवेत. प्रत्येक ब ला एक मडकं उतरवत गेलात तर क येईपर्यंत उतरंड रिकामी, आता क मोजायचे कशाने? (पक्की सिद्धता पंपिंग लेमाने, म्हणजे लांब स्ट्रिंगचे तुकडे पुन्हा पुन्हा घालून बघण्याच्या प्रमेयाने द्या, पेपरात एवढं चित्र पुरत नाही.)

दोघांतली एक भाषा रेग्युलर असेल तर तिला स्टॅक लागतच नाही, म्हणून ते इंटरसेक्शन कॉन्टेक्स्ट-फ्रीच राहतं. बार-हिलेल, पर्लेस आणि शमीर यांच्या १९६१ च्या लेखातला हा निकाल फार कामाचा आहे. अ, ब, क सारखे पण कुठल्याही क्रमाने, अशी भाषा अ*ब*क* शी (आधी कितीही अ, मग कितीही ब, मग कितीही क) छेदा. वरचीच, ओळीने अ, ब, क सारखे असलेली भाषा हाती येते, म्हणजे मूळची कॉन्टेक्स्ट-फ्री नव्हती. छेद कॉन्टेक्स्ट-फ्री निघाला तर मात्र मूळ भाषेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तक्त्यातलं "नाही" म्हणजे "कधीच नाही" असं वाचू नका. त्याचा अर्थ "हमी नाही" एवढाच. एकच शब्द लागोपाठ दोनदा, ही भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री नाही, पण तिचं कॉम्प्लिमेंट आहे. आणि कॉम्प्लिमेंटसाठी अंतिम (स्वीकारणाऱ्या) स्थिती उलट्या करू नका: नॉनडिटरमिनिस्टिक यंत्रात (जिथे पुढे अनेक वाटा असू शकतात) एकच स्ट्रिंग एका वाटेने स्वीकारली जाते, दुसरीने नाही, त्यामुळे उलटल्यावरही ती आतच राहते. डिटरमिनिस्टिक भाषा (ज्यांच्या यंत्राला दर वेळी एकच वाट असते) कॉम्प्लिमेंटला क्लोज्ड आहेत, पण युनियनला नाहीत: "जितके अ तितके ब" आणि "अ च्या दुप्पट ब" यांचं युनियन करून बघा.