फिजिक्स करताना गणिताचे जादा कोर्स निवडताय? या चुका टाळा

गणिताच्या ऐच्छिक कोर्सांची यादी समोर आली की फिजिक्सच्या विद्यार्थ्याची नजर आधी भारदस्त नावांवर जाते: टोपॉलॉजी, ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा, डिफरन्शियल जॉमेट्री. यातलं फिजिक्सला काय लागतं, असं विचारलं तर ‘सगळंच’ हे उत्तर खोटं नाही, पण कामाचंही नाही. क्रेडिट मोजकीच असतात आणि लॅब रिपोर्ट त्यासाठी थांबत नाहीत.

नाव बघून कोर्स घेणं

ग्रुप थिअरीचं, म्हणजे सममितीच्या गणिताचं, उदाहरण घ्या. १९६१ साली गेल-मान आणि नेमान या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एसयू(३) या ग्रुपच्या आधारे कणांची मांडणी केली. त्या मांडणीत एक जागा रिकामी होती आणि तिथला ओमेगा-मायनस कण १९६४ साली सापडला. ही गोष्ट ऐकून कोणीही ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्राला नाव नोंदवेल. पण त्या पहिल्या कोर्समध्ये बहुधा सांत ग्रुप, लग्रांजचं प्रमेय, सिलोची प्रमेयं आणि मग रिंग व फील्ड असतात. फिजिक्सला हवे असतात ते परिभ्रमणासारखे सलग ग्रुप (ली ग्रुप) आणि त्यांची रिप्रेझेंटेशन्स, म्हणजे मॅट्रिक्सच्या रूपातली मांडणी. इलेक्ट्रॉनची स्थिती ३६० अंश फिरवल्यावर तिचं चिन्ह का उलटतं, हे सिलो सांगणार नाही. त्यासाठी ली ग्रुप किंवा रिप्रेझेंटेशन थिअरीचा कोर्स शोधावा लागतो.

म्हणून नाव सोडा आणि आठवडावार सिलॅबस मागवा. जुन्या परीक्षेचे पेपर मिळाले तर अधिकच चांगलं. प्रश्न ‘काढा’ असे आहेत की ‘सिद्ध करा’ असे, एवढं पाहिलं तरी पुढचे काही महिने कसे जाणार ते कळतं.

‘लिनियर अल्जेब्रा झालंय’ असं समजणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. गणितीय पद्धतींच्या पेपरात तीन बाय तीनचा डिटर्मिनंट काढला, इनव्हर्स काढला, आयगेनव्हॅल्यू काढल्या की विषय संपला असं वाटतं. क्वांटम मेकॅनिक्स मात्र तिथून पुढे सुरू होतं: सदिश अवकाश, आंतरगुणाकार, बेसिस बदलणं, हर्मिशियन ऑपरेटर, स्पेक्ट्रल प्रमेय आणि दोन कणांची व्यवस्था आली की टेन्सर गुणाकार. हा शेवटचा भाग पक्का नसेल तर एन्टँगलमेंटबद्दल (दोन कणांच्या स्थिती एकमेकींत गुंतण्याबद्दल) नुसतं बोलता येतं, काही काढता येत नाही.

हायझेनबर्गने १९२५ मध्ये मांडलेले गुणाकाराचे नियम म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकार आहेत, हे मॅक्स बॉर्नच्या लक्षात आलं. आता स्थान आणि संवेग यांचं कम्युटेटर, म्हणजे दोन क्रमांनी केलेल्या गुणाकारांतला फरक, आय एच-बार (एकक मॅट्रिक्सच्या पटीतला, शून्य नसलेला स्थिरांक) असतं, हा नियम घ्या. दोन्ही बाजूंचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, काढा. सांत मॅट्रिक्ससाठी गुणाकाराचा क्रम बदलला तरी ट्रेस तोच राहतो, त्यामुळे डावी बाजू शून्य. उजवी बाजू शून्य नाही. म्हणजे कितीही मोठी सांत मॅट्रिक्स घेतली तरी हा नियम पाळला जाणं शक्यच नाही; अनंत मिती लागणारच. दोन ओळींचा हा युक्तिवाद स्वतःला सुचत नसेल, किंवा हर्मिशियन मॅट्रिक्सच्या वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे सदिश एकमेकांना लंब का असतात हे पुस्तक न उघडता सांगता येत नसेल, तर टोपॉलॉजी बाजूला ठेवा आणि गणित विभागातला सिद्धतांसह शिकवला जाणारा लिनियर अल्जेब्रा घ्या.

रिअल ॲनालिसिसकडून भलती अपेक्षा

ॲनालिसिस घेतल्याने इंटिग्रेशनचा वेग वाढत नाही. तिथे एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) असतो आणि गृहपाठ म्हणजे सिद्धता लिहिणं. उपयोग वेगळाच आहे. चौकोनी तरंगाच्या फूरिए श्रेणीचं पदागणिक डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहा: उरलेली पदं शून्याकडे जातच नाहीत, म्हणजे नेहमीच्या अर्थाने श्रेणी अभिसारी राहत नाही. फिजिक्सवाले तिथे बिनदिक्कत डिराक डेल्टा (एका बिंदूवर अनंत उंच, बाकी सगळीकडे शून्य) लिहितात. ते चालतं, पण का चालतं याची नीट बैठक गणितज्ञ लोरां श्वार्त्झने १९४० च्या दशकात डिस्ट्रिब्युशनच्या सिद्धांतातून दिली. अशा प्रश्नांनी झोप उडत असेल आणि थिअरीकडे जायचं असेल, तर जरूर घ्या. प्रयोगशाळेकडे कल असेल तर न घेतल्याने काही अडत नाही.

क्रम आणि पुनरावृत्ती

कॉम्प्लेक्स ॲनालिसिस प्रगत इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या आधी किंवा निदान सोबत घ्यावा. ग्रीन फंक्शनची इंटिग्रल्स रेसिड्यूने, म्हणजे याच कोर्समधल्या पद्धतीने, सुटतात हे नंतर कळून फार फायदा नाही. उलट लाप्लासचं समीकरण, लजांद्र आणि बेसेल फंक्शन्स फिजिक्सच्या पेपरांत येतातच. आंशिक डिफरन्शियल इक्वेशनचा कोर्स तेवढाच असेल तर तो दुसऱ्यांदा करू नका. डिफरन्शियल जॉमेट्री थांबू शकते. आइनस्टाइनसुद्धा रीमानच्या (वक्र अवकाशाच्या) भूमितीकडे १९१२ च्या सुमारास, गरज पडल्यावर आणि गणितज्ञ मित्र मार्सेल ग्रोसमान याच्या मदतीने वळला.

न्यूमेरिकल कोर्सला कमी लेखणं

ऑयलरच्या साध्या पद्धतीने ग्रहाची कक्षा काढा. ग्रह हळूहळू बाहेर सरकतो, कारण प्रत्येक पावलाला ऊर्जा वाढत जाते. आता आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने स्थान पुढे न्या. बदल एका ओळीचा, पण पाऊल पुरेसं लहान असेल तर ऊर्जा मूळ किमतीच्या आसपासच हेलकावत राहते. हे का होतं ते शिकवणारा कोर्स अनेकजण ‘कोडिंग येतं की’ म्हणून सोडतात. संभाव्यता आणि सांख्यिकीचंही तेच होतं. मग प्रयोगाच्या डेटावर रेषा बसवतात आणि ती कितपत बसली हे सांगता येत नाही.

कोर्स घेतला आणि अडकलात तर

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा. व्याख्या न बघता लिहिता येते, पण सिद्धता सुरूच होत नाही, तर सराव कमी आहे. शिक्षकांना लिहिलेल्या सिद्धता दाखवल्या की बहुधा गाडी रुळावर येते. व्याख्येतले शब्दच अनोळखी असतील तर पूर्वतयारीचा कोर्स राहिला आहे आणि जिद्दीने ओढण्यात अर्थ नाही. नाव मागे घेण्याची शेवटची तारीख उलटायच्या आत निर्णय घ्या. तासांना क्रेडिटविना बसू देतात का ते विचारा, आणि पुढच्या वर्षी तोच कोर्स नीट करा.