मेकफाइलने साइट चालवताय? या चुका टाळा

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून, लिहायचं, पॅनडॉकने एचटीएमएल करायचं, आरसिंकने सर्व्हरवर चढवायचं. छोट्या साइटला एवढं पुरतं. ही कामं क्रमाने करून घ्यायला स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं मेक आजही उत्तम. काय कशावरून आणि कोणत्या कमांडने बनवायचं, हे नियम ज्या फाइलमध्ये लिहायचे ती मेकफाइल.

'मिसिंग सेपरेटर' असा एरर आला, तर कमांडच्या ओळीआधी टॅबऐवजी स्पेस पडल्यात का बघा. एडिटर परस्पर तसं करतो.

खरी डोकेदुखी वेगळीच. मेनू बदलला, मेक चालवलं, तर पानं जुनीच! मेक फाइलच्या आत डोकावत नाही, फक्त बदलाची वेळ बघतं. एचटीएमएल मार्कडाउनपेक्षा नवं असलं की त्याच्या लेखी काम संपलं. नियमात कोलनच्या डावीकडे जे बनवायचं ते (टार्गेट) असतं, उजवीकडे ते ज्यावर अवलंबून आहे ते. मेनू ज्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या सामायिक साच्यात आहे, त्याचं नाव उजवीकडे लिहिलंच नसेल, तर त्याला कळणार कसं? तिथे टेम्प्लेट लिहा, मेकफाइलही लिहा. दर वेळी 'क्लीन' करून, म्हणजे बनलेल्या फाइली पुसून, सगळं नव्याने बांधणारे बरेच आहेत. मग मेक कशाला हवं? हां, लेख काढून टाकलात तर क्लीन कराच. त्याचं जुनं एचटीएमएल मेक आपणहून पुसत नाही.

आउटपुट '>' चिन्हाने फाइलमध्ये वळवत असाल तर आणखी एक खोच आहे. कमांड मध्येच फसली तरी रिकामी किंवा अर्धवट फाइल मागे उरते, आणि ती 'नवी' असल्याने पुढच्या वेळी मेक तिला हातही लावत नाही. जीएनयू मेकमध्ये '.डिलीट_ऑन_एरर' हे टार्गेट इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून ठेवा. फसलेली फाइल तिथल्या तिथे उडते.

'पब्लिश' टार्गेट आहे आणि त्याच नावाचा फोल्डरही? मग मेक 'अप टू डेट' म्हणून गप्प बसेल. टार्गेट 'फोनी', म्हणजे फाइलचं नव्हे तर नुसतं कामाचं नाव, म्हणून जाहीर करा.

आरसिंकपाशी मात्र घाई नको. सोर्स फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतल्या फाइली जातात. विसरलात तर अख्खा फोल्डर जातो आणि साइटचे पत्ते एक पायरी खाली सरकतात. 'डिलीट' पर्याय तर सोर्समध्ये नसलेलं सगळं सर्व्हरवरून काढतो: हाताने चढवलेले फोटो, सर्टिफिकेटसाठीचा 'वेल-नोन' फोल्डर. बिल्ड फोल्डर रिकामा असेल तर साइटच साफ. आधी 'ड्राय-रन' (प्रत्यक्ष बदल न करता रंगीत तालीम) लावून यादी वाचा, जे राखायचं ते 'एक्स्क्लूड'मध्ये घाला.

एवढं करूनही फोटो फक्त सर्व्हरवरच दिसत नसेल, तर फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर तपासा. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतो.